पाटल्या मोडू नका

कर्वेनगरच्या एका ताईंनी हाताने दोन पानी पत्र लिहून त्याचा फोटो पाठवलाय. नाव नको म्हणाल्यात. पत्र थोडं कापून देते.

"डॉक्टर, पाडव्याच्या आदल्या दिवशी मी भाच्याला चक्का आणायला पिटाळलं. तो हेल्मेट शोधत होता, तर मीच म्हटलं, अरे डेअरी इथे तर आहे. तिथला चक्का संपला होता म्हणून तो वारज्याकडे गेला आणि सर्व्हिस रोडला खडीवरून गाडी घसरली. डावी भुवई फुटपाथच्या कडेवर आपटली, चार टाके पडले. डोळा सुजून बंद होता, त्यामुळे दिसत नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. मग तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉईड दिली. एक दिवस उशीर झाला त्याची ही शिक्षा का? आता पाच महिने होतील. डाव्या डोळ्याला नुसता उजेड कळतो. डॉक्टर म्हणतात नस सुकली, आता काही नाही. वहिनीच्या माहेरच्यांनी परगावचं एक केंद्र शोधलंय, तिथे स्टेम सेल देतात. तीन सिटिंगचे साडेसहा लाख, गणपतीच्या आत बुकिंग केलं तर पन्नास हजार सूट. हैदराबादला स्टेम सेलने डोळे आल्याचं पेपरातही वाचलं होतं. मी बँकेतून रिटायर झाले, लग्न केलं नाही, हा पोरगा माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय. आईच्या चार पाटल्या आहेत, एक एफडी आहे. मोडते. तो नको म्हणतो, पण माझ्या पैशांकडे बघून म्हणत असणार. वय २४, पुढे सगळं आयुष्य आहे. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर, तुम्ही त्याला सांगा ना, घे म्हणून."

ताई,

नाही सांगणार. पाटल्या मोडू नका, एफडीही नको. तुमचं अक्षर पहिल्या पानावर बँकेतल्या माणसाचं आहे, सरळ आणि सुटं. दुसऱ्या पानावर रकमा सुरू झाल्या आणि ते धावत सुटलं. म्हणून निकाल आधी सांगितला, कारणं आता सांगते.

मी तीस-बत्तीस वर्षं पुण्यात डोळ्यांची ओपीडी केली. गाडीवरून पडून भुवई फोडून आलेली पोरं इतकी पाहिली की मोजदाद नाही, आणि प्रत्येकाची आई तेच विचारायची: डोळ्याला तर खरचटलंसुद्धा नाही, मग दिसत का नाही? डोळा चांगलाच असतो. बिघाड मागे असतो. डोळ्यातून निघालेली नस मेंदूकडे जाताना हाडाच्या एका बोगद्यातून जाते, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या. कात्रजचा जुना बोगदा आठवा, आत बाजूला सरकायला जागा नाही. भुवईवर बसलेला मार हाडाहाडातून थेट तिथवर पोचतो. नस तिथे अस्तराला घट्ट धरलेली असते. ती ताणली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती सुजते आणि सुजायला जागा नसते. बाहेर चार टाके, आत हा सगळा प्रकार.

केंद्राच्या माहितीपत्रकाचा फोटोही तुम्ही पाठवलात. त्यात नस वायरसारखी काढलीय, मध्येच तुटलेली, आणि तुटल्या जागी गोल गोल पेशी बसवल्यात. पेशींना हसरे चेहरे काढायचे तेवढे राहिलेत. वायर असती तर ताई, आम्हीच टेप लावून जोडली असती, साडेसहा लाख न घेता. डोळ्याच्या पडद्यावर दहा-बारा लाख पेशी असतात आणि प्रत्येकीला एक लांब शेपटी असते. त्या सगळ्या शेपट्यांची जुडी म्हणजे नस. जुडी चेंगरली की पुढच्या काही आठवड्यांत मागच्या पेशीही मरत जातात. डॉक्टर डोळ्यात डोकावतात तेव्हा त्यांना नसेचं पुढचं टोक दिसतं, एखाद्या छोट्या गोल चकतीसारखं. ते गुलाबीसर केशरी असायला हवं. महिना-दीड महिन्यात ते पांढरं पडत जातं, त्यालाच आपण 'नस सुकली' म्हणतो. भाच्याला उजेड कळतो याचा अर्थ थोड्या पेशी तगल्यात. पण माहितीपत्रकातल्या चित्रासारखी जोडायची वाट बघत पडलेली दोन टोकं तिथे नाहीत.

मग नव्या पेशी घातल्या तर? त्या पेशींना काय काय जमायला हवं ते बघा. आधी पडद्यावर योग्य थरात रुजायचं आणि तिथल्या शेजारणींशी संधान बांधायचं. मग शेपटी काढायची, ती डोळ्याबाहेर न्यायची, त्याच बोगद्यातून पलीकडे, एकूण पाचेक सेंटिमीटर. पुढे एक चौक लागतो, तिथे निम्म्याहून जास्त शेपट्यांना पलीकडच्या बाजूला वळावं लागतं, उरलेल्यांनी आपल्याच बाजूला राहायचं. आणि मेंदूत पोचल्यावर प्रत्येकीने आपापलं घर शोधायचं, कारण पडद्यावरचा नकाशा मेंदूत जसाच्या तसा उतरला नाही तर दिसून उपयोग नाही.

इथे मला बेडूक आठवतो. बेडकाची नस कापली तरी परत वाढते. रॉजर स्पेरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात असे प्राणी घेतले, नस कापली आणि डोळा खोबणीत उलटा फिरवून ठेवला. नस वाढली, दृष्टी आली, पण उलटी आली. माशी वर असली की बेडूक खाली जीभ मारायचा, आणि तो आयुष्यभर तसाच राहिला. म्हणजे प्रत्येक शेपटीने आपला जुना पत्ता बरोबर शोधला होता. बेडकाला जे जमतं ते माणसाच्या नसेला जमत नाही. आपली नस मेंदूचाच भाग आहे, आणि मेंदूतली तुटलेली तार शरीर परत वाढू देत नाही. हाताची नस कापली तर हळूहळू का होईना वाढते, डोळ्याची नाही. यावर उंदरांमध्ये फार सुंदर काम चाललंय. २०२० च्या डिसेंबरात हार्वर्डच्या एका गटाने उंदरांच्या चेंगरलेल्या नसेत तीन जनुकं वापरून काही शेपट्या परत वाढवून दाखवल्या. भाचा नेटवर वाचून तुम्हाला हे सांगेलच. ते खरं आहे. पण ते जनुकांचं काम आहे आणि उंदराचं आहे. त्या माहितीपत्रकाशी त्याचा काही संबंध नाही.

माहितीपत्रकात जे लिहिलंय ते असं: कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, मशीनमध्ये गरगर फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या, आणि थोड्या डोळ्यामागे, थोड्या पाठीच्या कण्यात टोचायच्या. बोन मॅरोतल्या या पेशी रक्त तयार करणाऱ्या. त्यांच्यातून डोळ्याची नस तयार होते असं कुणीही दाखवलेलं नाही. काही प्रामाणिक संशोधक म्हणतात की अशा पेशी निदान पोषक रसायनं सोडतील आणि मरायला टेकलेल्या पेशींना तगवतील. विचार चांगला आहे, त्यावर लहान चाचण्याही चालू आहेत. पण तगवायला मरायला टेकलेलं कुणी शिल्लक हवं. पाच महिन्यांनी जे जायचं ते गेलेलं असतं.

हा प्रयोग मोठ्या माणसांनी मोठ्या तयारीनिशी करून बघितलाय. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला जगात पहिल्यांदा एका माणसाला अख्खा डोळा बसवला, चेहऱ्याच्या काही भागासकट. एकवीस तासांचं ऑपरेशन, दीडशेच्या आसपास माणसं राबत होती. नस जिथे जोडली तिथे त्यांनी दात्याच्या बोन मॅरोतून काढलेल्या स्टेम सेल सोडल्या. डोळा जगला, त्यात रक्त खेळतंय, आणि हेसुद्धा मोठं आश्चर्य आहे. दृष्टी आली नाही. त्या सर्जननी ती येईल असं वचनही दिलं नव्हतं. तिथे जे झालं नाही ते तीन सिटिंगमध्ये, आणि वर पन्नास हजार सूट देऊन? सूट साडीवर असते ताई. ऑपरेशनवर सूट दिसली की मी चष्मा पुसून कागद परत वाचते.

तुम्हाला त्यांनी सांगितलं असेल, "स्वतःच्याच पेशी, साइड इफेक्टचा प्रश्नच नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात तीन बायकांची हकिगत छापून आली. वयं ७२ ते ८८. त्यांचा आजार वेगळा होता, म्हातारपणी पडद्याची झीज होते तो, पण वाचता-फिरता येईल इतपत दिसत होतं. फ्लॉरिडातल्या एका क्लिनिकने त्यांच्याच पोटाची चरबी काढून तिच्यातल्या 'स्टेम सेल' दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, टोचल्या. पाच-पाच हजार डॉलर घेतले. काही दिवसांतच पडदे सुटले, रक्तस्राव झाला. वर्षभराने त्यांच्यातल्या एकीला उजेडसुद्धा कळत नव्हता. आणि दोघींना ते क्लिनिक वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदणीच्या यादीत सापडलं होतं, म्हणून त्या विश्वासाने गेल्या होत्या. पेशी स्वतःच्याच होत्या, तरी हे झालं.

तुम्ही हैदराबादचं विचारलंत, आणि ती बातमी खरी आहे. गोंधळ इथेच होतो. डोळ्यापुढची काच, आपण जिला बुबुळ म्हणतो, तिच्या काठावर तिच्या स्वतःच्या स्टेम सेल असतात. चुन्याची पुडी डोळ्यात फुटलेली पोरं तुम्ही पाहिली नसतील, मी पाहिलीत. आजोबांच्या पानाच्या डब्याशी खेळत असतात, पुडी दाबली की फुटते आणि बुबुळ भाजतं. काठावरच्या पेशी मेल्या की बुबुळावर पांढरा पापुद्रा चढतो. अशा वेळी दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या काठावरून अगदी छोटा तुकडा काढून इकडे लावतात आणि बुबुळ परत पारदर्शक होऊ शकतं. हैदराबादच्या डॉक्टरांनी त्याची एक सोपी पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, आज जगभर वापरतात. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ती खिडकीची काच बदलण्याची गोष्ट झाली. तुमच्या भाच्याची खिडकी लख्ख आहे. दोन्हींना 'स्टेम सेल' हे एकच नाव आहे, आणि दुकानदाराला नेमकं तेच उपयोगी पडतं.

नात्यातल्या एका बाळाचं नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय, ते चालेल का, असं तुम्ही समासात बारीक लिहिलंय. नाही. आणि आणखी कुणी ठेवायला निघालं असेल तर त्यांनाही सांगा, इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च अशा खासगी साठवणीची शिफारस करत नाही.

"मग ते बरे झालेल्यांचे व्हिडिओ?" यावर जरा थांबते, कारण त्यात आमच्या पेशाचीही चूक सांगायची आहे.

नव्वदच्या दशकात असा रुग्ण आला की आम्ही डोळे मिटून स्टेरॉईड चढवायचो. मीही. थोडं दिसू लागलं की घरचे पेढे आणायचे आणि मी ते खायची. १९९९ साली एक आंतरराष्ट्रीय पाहणी छापून आली, १३३ रुग्णांची. कुणाला स्टेरॉईड दिलेली, कुणाचं बोगद्याचं हाड उघडलेलं, मोजक्यांना काहीच केलेलं नाही. कुठल्याच उपायाचा ठोस फायदा दिसला नाही, आणि काहीच न केलेल्यांतलेही निम्म्याच्या आसपास आपोआप सुधारले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. माझे कितीतरी पेढे कावळ्याचे होते म्हणायचे. पुढे २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवरची मोठी चाचणी आली. स्टेरॉईड दिलेल्यांत दोन आठवड्यांत शंभरातले २१ दगावले, न दिलेल्यांत १८. तेव्हापासून हात आखडला.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या पत्रातल्या त्या एका दिवसाच्या उशिराला उत्तर मिळावं. आदल्या दिवशी नेलं असतं तर डोळा वाचला असता असं दाखवणारा एकही पुरावा नाही. माझ्याकडे तासाभरात आलेलीही पोरं होती. ज्यांची नस जायची त्यांची गेली.

तर, अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळजण आपोआप सुधारतात. त्या काळात कुणी केंद्रात गेला तर व्हिडिओ केंद्राचा होतो. शिवाय दृष्टी मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. पाच वेळा तोच तक्ता वाचला की पाठ होतो, सगळ्यांचा होतो, लबाडी नसते त्यात. हाताने डोळा झाकला की बोटांच्या फटीतून चांगला डोळा बघतो. आणि साडेसहा लाख भरलेल्या माणसाला 'जरा जास्त उजेड वाटतो' हे वाटावंच लागतं.

न बोलणारी परीक्षा वेगळी आहे. भाच्याला तपासताना डॉक्टरांनी खोली अंधारी करून टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर, परत या डोळ्यावर अशी झुलवली असेल. उजव्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या टिचकन बारीक होतात. टॉर्च डाव्यावर नेली की बारीक राहायच्या ऐवजी त्या मोठ्या होतात. उजेड समोर असताना बाहुली उघडत जाते, बघताना अंगावर काटा येतो. ही परीक्षा पाठ करता येत नाही. केंद्राला विचारा, तुमच्याकडच्या किती रुग्णांची ही खूण गेली? ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, पेशींचा थर परत जाड झालेला एक तरी रिपोर्ट दाखवा. विचारून बघाच, उत्तरात पुन्हा व्हिडिओ येईल.

आता कायद्याचं, कारण तुम्ही बँकेतल्या, कागद तुम्हाला कळतो. आपल्याकडे रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि रीतसर मंजूर झालेल्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेलचा वापर अजून उपचार धरला जात नाही, संशोधन धरला जातो. मघाच्याच त्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं 'स्टेम सेल संशोधन आणि उपचार' या नावाची होती. २०१३ मध्ये त्यातला 'उपचार' हा शब्दच काढून टाकला, २०१७ च्या आवृत्तीतही तो नाही. शब्द काढायला समिती बसवावी लागली, म्हणजे तो शब्द किती खपत होता बघा. संशोधन म्हटलं की नैतिक समितीची मंजुरी लागते, दिल्लीच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते, चाचणीची नोंदणी लागते, आणि रुग्णाकडून चाचणीच्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. उलट संशोधनामुळे इजा झाली तर भरपाई त्यांनी द्यायची. त्यामुळे फोनवर एवढंच विचारा: ही चाचणी आहे की उपचार? चाचणी म्हणाले तर, मग पैसे कसले? उपचार म्हणाले तर, परवानगीचा कागद पाठवा. नोंदणीचा नंबर दिला तर तो सीटीआरआयच्या, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या, साइटवर टाकून भाच्याला वाचायला सांगा: कुठल्या आजारासाठी आहे, कुठल्या दवाखान्यात, अजून चालू आहे का. नंबर असणं म्हणजे शिक्का मिळणं नव्हे, फ्लॉरिडाच्या त्या बायका आठवा. मेडिक्लेमच्या भरवशावरही राहू नका, त्यांच्या यादीत स्टेम सेल आहे, पण रक्ताच्या आजारांपुरती.

आपल्या गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पेशींवर आयुष्य घालवणारी माणसं तिथे काम करतात. तिथे कुणी सिटिंगचं पॅकेज विकत नाही.

आणि आता मुख्य काम सांगते, कारण पत्रात पैसे जाण्याच्याच वाटा आहेत, येण्याची एकही नाही. भाच्याच्या बाईकची पॉलिसी काढा. गाडी त्याच्या नावावर आहे का, लायसन्स चालू होतं का, आणि पॉलिसीत 'मालक-चालक वैयक्तिक अपघात' असं लिहून त्यापुढे हप्ता घेतलाय का, हे बघा. हे कव्हर १५ लाखांचं असतं, आणि अपघाताने एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर त्यातले ५० टक्के मिळतात. साडेसात लाख. समोरून कुणी धडक द्यायला हवी असं नाही, स्वतः घसरून पडला तरी. दवाखान्याची कागदपत्रं, डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणि अर्ज, आणि हे आत्ताच करा, कारण इजेपासून सहा महिन्यांच्या आत दृष्टी गेल्याचं कागदावर दिसायला लागतं. पाच तर होत आले. वहिनी आणि दादा त्या केंद्राचं बुकिंग बघतायत, तोवर तुम्ही हे बघा. पस्तीस वर्षं फायली वाचलेल्या बाईला हे जास्त जमेल. अपंगत्वाच्या दाखल्याचं विचाराल तर एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला की ३० टक्के धरतात. सवलती ४० ला सुरू होतात, त्यामुळे तिथे फार आशा ठेवू नका.

मग भाच्याचं काय? सगळ्यात आधी उजवा डोळा. चष्म्याचा नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा घराबाहेर कायम. क्रिकेट, बॅडमिंटन, घरात भोक पाडायचं ड्रिल, दिवाळीचे फटाके, सगळीकडे. हेल्मेट पूर्ण तोंडाचं. 'एकाच डोळ्यावर ताण पडतो, मोबाईल बघू नकोस' असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना गप्प करा. वाचल्याने डोळा झिजत नाही. हिंजवडीची नोकरी निवांत करू दे.

वस्तू किती लांब आहे याचा अंदाज काही महिने चुकतो. तुम्ही बघितलं असेल, चहा ओतताना धार कपाच्या अलीकडे बशीत पडते आणि घरात सगळे एकमेकांकडे बघतात. त्याला सांगा, किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं आणि मग ओतायचं. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपायची. शेकहँडला हात आधी आपण पुढे करायचा नाही, समोरच्याचा येऊ द्यायचा. डोकं किंचित हलवत बघितलं की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि मेंदू त्यावरून अंतर शिकतो. सहा महिने, वर्ष. चोविसाव्या वर्षी फार लवकर शिकतो. डावीकडचा कडेचा तुकडा मात्र दिसत नाही तो नाहीच, तिकडे मान वळवायची सवय लावावी लागते. पुण्यात डावीकडून कोण घुसेल याचा दोन डोळेवाल्यांनाही नेम नसतो, त्यामुळे गाडी सध्या नको. कायद्याने सरसकट बंदी नाही, पण अंदाज बसल्यावर डॉक्टरांकडून नजर आणि नजरेचा विस्तार तपासून, आरटीओची वैद्यकीय अट पूर्ण करूनच. काही वर्षांनी डावा डोळा थोडा बाहेर सरकू शकतो, तिरळा दिसतो, त्याचं साधं ऑपरेशन असतं. ते मात्र खरंखुरं ऑपरेशन असतं.

राहिलं त्याचं 'नको'. तुम्ही धरून चाललात की तो तुमच्या पैशांपायी नको म्हणतो. विचारलंत का? बसून, दोघंच? माझ्या ओपीडीत अशी पोरं यायची, शेवटी आईला बाहेर बसवून मी विचारायची. बहुतेकांचं उत्तर एकच असायचं, थोड्याफार फरकाने: मॅडम, मला कळलंय की येणार नाही, पण घरात कुणी मान्यच करत नाही, मग मला रोज नव्याने आशा धरल्यासारखं करावं लागतं. तुमचा भाचा असंच म्हणेल असं नाही. पण तीन सिटिंग म्हणजे तीनदा कमरेत सुई, तीनदा पट्टी सोडल्यावर सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत बसणार, आणि त्याने 'हो, जरा वाटतंय' म्हणायचं. कुणासाठी? तुमच्यासाठी. साडेसहा लाख आत्याचे गेलेत म्हटल्यावर 'नाही दिसत' म्हणायची त्याची सोय उरणार नाही.

चक्क्याचं त्याच्याशी एकदा बोला. आडून नको, सरळ. 'मी हेल्मेट घेऊ दिलं नाही' हे वाक्य तुम्ही मला लिहिलंत, त्याला म्हटलंय का? मला शंका आहे. ते न म्हणता पाटल्या पुढे केल्या तर तो काय करेल बिचारा, घेईल तरी पंचाईत आणि नाकारेल तरी. म्हणून टाका. तो काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही, चिडेलही कदाचित, पाच महिन्यांचं साठलेलं असेल. चिडू द्या.

जेवायला बसताना त्याच्या उजव्या हाताला बसत जा. डाव्या बाजूला बसलात तर तुम्ही त्याला दिसतच नाही, आणि त्याला वाटतं आत्या गप्प आहे, तुम्हाला वाटतं तो बघत नाही.

पॉलिसी सापडली की तिचाही फोटो पाठवा. अक्षर मुंगीएवढं असतं, पण मी वाचीन.